तुम्ही मला सांगितलं होतं, सर

सर, नऊ वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयात मी खोटं बोललो. तुमच्या हाताला रक्ताची बाटली लावलेली होती, ओठांचा रंग गेला होता, आणि शस्त्रक्रियेआधीची चौकशी करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारलं होतं, "शौचाला काळं किती दिवसांपासून होत होतं? यांनी कुणालाच सांगितलं नाही?" वहिनींनी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या खाटेभोवती औषधातली चार अक्षरं कळणारा मीच होतो. मी म्हणालो, "नाही. मला तरी काही बोलले नाहीत."

तुम्ही बोलला होतात. आठ दिवस आधी, आमच्या दवाखान्याच्या औषधखिडकीशी उभे राहून, आवाज खाली करून तुम्ही मला विचारलं होतं आणि मी उत्तरही दिलं होतं. ते उत्तर चुकलं, एवढीच गोष्ट असती तर आज मी इतका थकलेला नसतो. मी माझी चूक तुमच्या नावावर लिहून टाकली. तुम्ही ती निमूटपणे घेतलीत आणि नऊ वर्षं वागवलीत.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. हे लिहितो आहे ते दवाखान्यातल्याच मेजावर, दुपारच्या सुट्टीत. खिडकीची झडप बंद आहे. तुमची जुनी बाटली अजून वरच्या फळीवर आहे. तिच्यावरची कागदाची पट्टी पिवळी पडली आहे. ती मी कधी टाकली नाही आणि कधी हातातही घेतली नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते त्र्याहत्तर किंवा चौऱ्याहत्तर साल असावं. डॉक्टरसाहेबांनी दवाखाना नाशिकच्या गंगापूर रोडवर आणून फार दिवस झाले नव्हते. तुम्ही सिन्नरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला जात होतात. सकाळची एस.टी., रिकाम्या पोटी दोन कप चहा, आणि डबा उघडायचा तो दुपारी दोनला. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात भुकेच्या वेळेला आग पडायची आणि दोन बिस्किटं खाल्ली की शमायची. डॉक्टरसाहेबांनी तपासून आतड्याच्या सुरुवातीला व्रण असावा असं सांगितलं, आणि तुमची चिठ्ठी माझ्यापुढे आली.

त्या वेळी कंपाउंडरचं काम बाटलीचं असे. रोग्यानं घरून धुतलेली बाटली आणायची, मी तिच्यात औषध भरायचं, पांढऱ्या कागदाची पट्टी घडी घालून कात्रीनं खाचा पाडायच्या आणि खळीनं ती बाटलीवर चिकटवायची. एक खाच म्हणजे एक मात्रा. औषध संपलं की तीच बाटली घेऊन यायचं आणि "तेच पुन्हा" म्हणायचं. खाचांपलीकडचं मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. तुम्ही बाटली उजेडात धरलीत.

"भास्करराव ना तुम्ही? हे पांढरं काय आहे?"

"पोटाचं औषध आहे, सर."

"ते समजलं. पोटात जाऊन ते काय करतं?"

"बरं वाटतं त्यानं."

"बरं मला वाटेल हो. ते काय करतं?"

तुमच्यामागे ओळीत माझ्याच देवळ्याकडचे एक आजोबा उभे होते. ते वैतागून म्हणाले, "मास्तर, पी ल्या ना गुपचूप. भाऊना हातमा गुण शे!"

"मग बाटली कशाला, बाबा? पोटावरून नुसता हातच फिरवून घेतो की," तुम्ही म्हणालात, आणि सगळी ओळ हसली. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी डॉक्टरसाहेबांच्या कपाटातलं औषधशास्त्राचं जाड पुस्तक मी पहिल्यांदा खाली काढलं. तोवर पंधरा वर्षं मी औषधं बनवत होतो आणि त्यांतलं एकही औषध काय करतं हे मला नीट ठाऊक नव्हतं.

पुढच्या वेळी माझ्यापाशी उत्तर होतं. जठरात आम्ल असतं. सोडा घेतला की ते लगेच मरतं, पण त्यातून वायू होतो, ढेकर येते आणि आम्ल पुन्हा उसळतं, म्हणून सोडा रोज घेऊ नये. या पांढऱ्या औषधात दोन धातूंचे क्षार आहेत. ॲल्युमिनियमचा क्षार शौचाला बांधतो, मॅग्नेशियमचा पातळ करतो, म्हणून दोघांना एकत्र बांधलं आहे. तुम्ही मन लावून ऐकलंत, जसं एखाद्या हुशार मुलाचं ऐकावं.

"म्हणजे दोन भांडखोर बैल एका जुवाला."

"तसंच म्हणा."

"आणि जेवणानंतर तासाभरानंच का घ्यायचं? आधी घेतलं तर?"

हे मला येत नव्हतं. मी पुन्हा पुस्तक काढलं. रिकाम्या पोटी घेतलेलं औषध अर्ध्या तासात पुढे सरकून जातं. अन्नाबरोबर असलं की ते जठरात टिकतं आणि त्याचं काम दोन-तीन तास चालतं. पुढच्या बाटलीच्या वेळी मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही मान डोलावून म्हणालात, "पैकीच्या पैकी." सर, मला आयुष्यात इतर कुणी पैकीच्या पैकी दिल्याचं आठवत नाही. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस.

मग हे चालूच राहिलं. पेटक्यासाठी बेलाडोनाचे थेंब दिले तेव्हा दोन दिवसांनी तुम्ही तक्रार घेऊन आलात, "काल वर्गात अल्कली शिकवताना जीभ टाळूला चिकटली. पोरांना वाटलं, सर घाबरले." मी समजावलं की ते औषध आतड्याचा पीळ सैल करतं, पण लाळेलाही आवरतं. तुम्ही म्हणालात, "एका खोलीतला दिवा घालवायला घरभर काळोख!" तिखट आणि कच्चा कांदा बंद करायला मी सांगितलं, तर त्यावरही तुम्ही टोमणा मारलात, "कांदे पिकवणाऱ्या देवळ्याचा माणूस मला कांदा सोडायला सांगतो. आधी स्वतःच्या फडक्यातली भाकरी उघडून दाखवा." माझ्या फडक्यात भाकरीशेजारी कांदा होताच. तो तुम्हाला खिडकीतून दिसत होता.

आपला एक वाद मात्र कधी संपला नाही. रोग्याला औषधाचं कारण समजलं पाहिजे, असं तुम्ही म्हणत होतात. मी म्हणत होतो की अर्धवट समजण्यापेक्षा पूर्ण विश्वास बरा; चार गोष्टी कळल्या की माणूस स्वतःच डॉक्टर होतो. तुम्ही एकदा पिशवी खांद्याला लावत म्हणालात, "विश्वास ठेवणाऱ्याचं काम सोपं असतं, भास्करराव. ज्याच्यावर ठेवला, त्यानं रात्रंदिवस जागं राहायला हवं." मी मनात म्हटलं, मास्तर लोकांना बोलायला काय लागतं. आज त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला रोज ऐकू येतो.

त्याच काळातली एक आठवण सांगतो, कारण तीही तुमचीच आहे. पावसाळ्यात तुमच्या वसाहतीत जुलाबांची साथ आली. माणसं दवाखान्यात येऊन जुलाब थांबवायची गोळी मागत होती. मी तुम्हाला म्हटलं, की ती गोळी आतड्याची हालचाल मंद करते. आत पाझरणारं पाणी काही थांबवत नाही, आणि लहान मुलांना तर ती देऊच नये. तुम्ही मला हाताला धरून वसाहतीतल्या विहारापुढच्या ओट्यावर नेलंत. तिथे पातेलं मांडलं होतं. उकळून गार केलेलं पाणी, साखर आणि मीठ. एक बाई चिडून म्हणाली, "सर, पोर मरायला टेकलंय आणि तुम्ही सरबत काय पाजताय? औषध द्या ना काही!"

तुम्ही तिच्या मुलाशेजारी उकिडवे बसलात. "ताई, ऐक. मीठ एकटं आतड्यातून आत जात नाही. साखरेचं बोट धरून जातं, आणि त्या दोघांच्या मागे पाणी जातं. त्याचं पाणी गेलंय, तेच परत देतोय. चव घेऊन बघ, डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको." तिनं बोट बुडवून चाखलं आणि चमच्यानं पाजायला लागली. साखरेचं बोट माझ्या पुस्तकात नव्हतं. मीठ साखरेबरोबर शोषलं जातं, एवढं कोरडं वाक्य मी तुम्हाला कधीतरी दिलं होतं आणि तुम्ही त्याला पाय दिले होते. तो मुलगा आता सिन्नरच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एकोणऐंशी साली डॉक्टरसाहेब मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे बाहेरगावी गेले. मागे दवाखाना उघडा ठेवायचा, जुन्या रोग्यांना 'तेच पुन्हा' द्यायचं, नवीन तक्रार आली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवायचं, असा मला त्यांचा स्पष्ट हुकूम होता. पण तुमच्यासारख्यांच्या प्रश्नांनी आणि माझ्या नव्या उत्तरांनी खिडकीशी माझा एक मान तयार झाला होता. लोक मलाही डॉक्टर म्हणू लागले होते. मी त्यांना थांबवत नव्हतो.

त्या तीन आठवड्यांत तुम्ही एकदा बाटली घेऊन आलात. म्हणालात, जिना चढताना दम लागतो, वर्गात उभं राहवत नाही. मी तुमची खालची पापणी ओढून पाहिली. ती फिकट होती. रक्त कमी आहे, हे मी ओळखलं. ते का कमी झालं, हे मी स्वतःला विचारलं नाही. माझ्या अधिकारात नसताना मी तुम्हाला लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि वर मोठ्या ऐटीत सांगितलं की ही गोळी आणि पांढरं औषध एकत्र घेऊ नका, पांढरं औषध लोहाला आत शिरू देत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. तुम्ही खूश झालात. "बघा, आता तर विचारायच्या आधीच कारण सांगता!"

पाचव्या दिवशी तुम्ही परत आलात. दुपार होती, खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं.

"भास्करराव, एक विचारायचं होतं. जरा ओशाळवाणं आहे."

"विचारा की, सर. इथे कसली लाज?"

"दोन दिवस शौचाला काळं होतंय. अगदी फळ्यासारखं काळं. हे कशानं?"

माझ्याजवळ कारण तयार होतं. तुम्हीच मला कारणांची सवय लावली होती. मी म्हणालो, "लोहामुळे, सर. शरीर लागेल तेवढं घेतं, उरलेलं काळं होऊन बाहेर पडतं. काळजीचं काही नाही."

तुमचा चेहरा सैल झाला. "असं होय! मी घाबरलोच होतो. हिला सांगणार होतो आज."

"वहिनींना कशाला सांगता? उगाच जिवाला घोर लावून घेतील."

"खरंय," तुम्ही म्हणालात, आणि माझ्यावर विश्वास ठेवून घरी गेलात.

लोहाविषयी मी बोललो ते खरं होतं. तेच त्या उत्तराचं विष. मी एवढंच विचारायचं होतं, की डांबरासारखं चिकट आहे का? वेगळा उग्र वास येतो का? उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? व्रणातून झिरपलेलं रक्त जठरातल्या आम्लात आणि पुढे आतड्यात पचत जातं आणि तसंच काळं होऊन बाहेर पडतं. हे पुस्तकात होतं, लोहाच्या पानापासून फार लांब नव्हतं. रक्त जात होतं म्हणून तुम्ही फिकट पडला होतात. फिकट पडलात म्हणून मी लोह दिलं. आणि लोह दिलं होतं म्हणून, रक्त समोर येऊन उभं राहिलं तरी मी त्याला ओळखलं नाही.

आठ दिवसांनी सिन्नरच्या स्टँडवर तुम्हाला ओकारी झाली, चहाच्या चोथ्यासारखी, आणि तुम्ही बाकावरून खाली कोसळलात. तुम्हाला रोज नेणाऱ्या कंडक्टरनं तुम्हाला त्याच एस.टी.त आडवं घालून नाशिकला आणलं. रुग्णालयात रक्त चढवलं, ते पुरेना. शेवटी जठराचा मोठा भाग कापून काढावा लागला. त्याआधीची ती चौकशी, आणि ते माझं वाक्य.

तुम्ही तेव्हा डोळे मिटून होतात. मी स्वतःला कितीदा तरी समजावलं की तुम्ही बेशुद्ध होतात. पण माझं वाक्य संपल्यावर तुमच्या डाव्या पापणीत काहीतरी हललं, आणि तुम्ही मान भिंतीकडे वळवलीत. हे मी पाहिलं आहे, सर. यापुढे तरी मी ते पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

घरी आल्यावर वहिनींनी जे धरलं ते सोडलं नाही. तुमच्या प्राणांवर बेतलं होतं याहूनही त्यांना एका गोष्टीची जखम होती, ती म्हणजे तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत. अर्ध्या पोटाच्या माणसाला थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं लागतं. एकदम जास्त खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. त्या पाच डबे भरून द्यायच्या, तुम्ही किती संपवलेत ते शाळेतली मुलं मोजायची, आणि संध्याकाळी डबे उघडून वहिनी तपासायच्या. मी बसलेलो असताना एकदा त्या म्हणाल्या, "सगळं खाल्लं म्हणतात, भाऊजी. पण यांच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही. आतून रक्त चाललं होतं माणसाचं, आणि मी शेजारी बसून भाकरी वाढत होते. मला एका शब्दानं सांगितलं नाही."

"चुकलंच माझं," तुम्ही हसून म्हणालात.

"हसता काय? परकी होते का मी? भाऊजी, तुम्ही तरी यांना सांगा, खरं बोलत जा म्हणावं."

आणि मी, सर, मी तुम्हाला सांगितलं. "वहिनी म्हणतात ते खरं आहे, सर. लपवू नये." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जठराचा भाग गेला की अन्नातलं एक जीवनसत्त्व शरीराला घेता येत नाही. दोन वर्षांनी तुमचे तळपाय बधिर व्हायला लागले तेव्हा डॉक्टरसाहेबांनी दर महिन्याला त्याचं इंजेक्शन लिहून दिलं. ते लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. मी म्हटलं, सर, तुम्ही येऊ नका, मी घरी येऊन देत जाईन. लोकांना ती माझी माया वाटली. वहिनी दर वेळी माझ्यासाठी चहा टाकायच्या. तुम्हाला चहा बंद होता. तुम्ही माझ्या कपाकडे बघत म्हणायचात, "निदान मोठ्यानं भुरके तरी मारा. आवाज तरी कानी पडू दे." सात वर्षं मी दर महिन्याला त्या घराची पायरी चढलो, दर वेळी आज बोलायचं असं ठरवून. सुई उकळून, कापूस चोळून, चहा पिऊन परत आलो.

मध्येच सिमेटिडीनच्या गोळ्या आल्या. तुम्हाला त्यांचा उपयोग नव्हता, तरी तुम्ही खिडकीशी येऊन विचारलंत. मी सांगितलं, की आजवर आपण तयार झालेलं आम्ल मारत होतो. ही गोळी आम्ल तयार करणाऱ्या पेशींना मिळणारा निरोपच अडवते, म्हणून व्रणाला भरून यायला सवड मिळते. शस्त्रक्रिया आता पुष्कळांच्या टळतील. तुम्ही गोळीची पट्टी उलटसुलट करून पाहिलीत. "उशीर केला हो हिनं," एवढंच म्हणालात आणि पट्टी परत दिलीत. तुमच्या आवाजात तक्रार नव्हती.

पण मला सर्वांत जास्त छळतो तो त्यानंतरचा एक दिवस. तुम्ही निवृत्त झाला होतात. फिरायला म्हणून आलात, खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकलंत आणि अगदी वर्गातल्यासारख्या शांत आवाजात विचारलंत, "भास्करराव, लोहाच्या गोळीनं काळं होतं आणि रक्तानंही काळं होतं. मग ओळखायचं कसं?"

मी बाटली धूत होतो. हात थांबला. मग मी सांगितलं, खाली मान घालून, धडा म्हणावा तसं: रक्ताचं असेल तर डांबरासारखं चिकट, लकाकणारं, उग्र वासाचं, बरोबर थकवा, घाम, अंधारी, आणि शंका असेल तर औषधाला दोष देत न बसता रोग्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवायचं.

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

आणि थांबलात. कितीतरी वेळ थांबलात. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मग एक सायकल गेली. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय पण तोंडातून निघत नाहीये, हे ओळखून शिक्षक थांबतो, तसे थांबलात. मी धुतलेली बाटली पुन्हा धुवायला घेतली.

"बरं, येतो," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी तुम्ही मला पैकीच्या पैकी दिले नाहीत.

तुम्ही गेलात ते हृदयविकारानं, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, जुन्या दुखण्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते बरोबरच असेल. मी त्या वाक्याच्या आडोशाला बसणार नाही. तुमची नऊ वर्षं पाच डब्यांत गेली, तुमच्या घरातला भरवसा दुखावला गेला, त्याचा संबंध माझ्याशी आहे.

काल विहारात तुमचं पुण्यानुमोदन होतं. तुमच्या छायाचित्रापुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं, मग एकेक जण बोलायला उठला. सिन्नरच्या कारखान्यातला तो तरुणही बोलला, ज्याला तुम्ही आईकडून चमच्यानं पाणी पाजवलं होतं. तो म्हणाला, "सर लय सोशिक होते. नऊ वर्षांपूर्वी एवढं मोठं दुखणं आलं, पण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. सगळं एकट्यानं अंगावर काढलं. आपण त्यांच्याकडून हे शिकलं पाहिजे." लोकांनी माना हलवल्या. माझं खोटं तिथे, तुमच्या फोटोपुढे, तुमचा सद्गुण झालं होतं. सगळं आयुष्य 'विचारा, सांगा' म्हणण्यात घालवलेल्या माणसाकडून लोक आता गप्प बसायला शिकणार होते.

वहिनी माझ्यापुढच्या सतरंजीवर पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्या शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, "सोशिक कसले, बाई? त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. तेवढं एक राहून गेलं बघ."

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "भास्करराव, तुम्ही सरांचे जुने स्नेही. दोन शब्द बोला."

मी उठलो. तुमच्या छायाचित्राकडे पाहिलं. त्यात तुम्ही थांबलेलेच होतात. मग मी वहिनींकडे वळलो आणि शेवटच्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

"वहिनी, सरांनी काही लपवलं नव्हतं. शौचाला काळं होतंय, हे त्यांनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं होतं, आणि त्याच दिवशी ते तुम्हालाही सांगणार होते. ते लोहाच्या गोळीमुळे आहे, असं मी सांगितलं. तुम्हाला सांगू नका, हेही मीच सांगितलं. पुढे रुग्णालयात विचारलं तेव्हा, मला काही बोलले नाहीत, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. नऊ वर्षं तुम्ही त्यांना बोल लावलात आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांचा तुमच्यावर विश्वास होता, वहिनी. माझ्यावरही होता, तो मी मोडला. मला क्षमा करा. आणि सर, तुम्ही इतकी वर्षं 'चुकलंच माझं' म्हणत आलात. तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं."